पाठीतलं पाणी काय सांगतं?

मेंदूज्वराचा संशय आला आणि डॉक्टर म्हणाले, 'पाठीतलं पाणी तपासायचंय,' की घरचे दचकतात. 'पाणी काढलं की माणूस लुळा होतो,' हे आम्ही बैठकांमध्ये कितीदा तरी ऐकलंय. म्हणून आज त्या पाण्याविषयीच बोलू.

पायात काटा रुतला की तिथे सूज येते, पू होतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे जंतूंशी लढत असतात. मेंदूला मात्र अशी सूज परवडत नाही. कवटी टणक, फुगायला जागाच नाही. म्हणून मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट विणलेल्या असतात, वाटेल ते आत शिरत नाही. आत मेंदूच्या स्वतःच्या राखणदार पेशी असतात. त्या आपल्या बारीक फांद्यांनी आजूबाजूला सतत चाचपत राहतात, मेलेल्या पेशी गिळून टाकतात. बाकीचा पहारा बाहेर, मेंदू आणि मज्जारज्जूवरच्या आवरणांत आणि तिथल्या पाण्यात. या पहाऱ्याची खबर मानेतल्या गाठींपर्यंत जाते. आवरणातल्या तिच्या वाटा अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवल्या, त्याही 2015 साली. इतकी वर्षं त्या नजरेतून सुटल्या होत्या!

हे पाणी मोठ्या माणसात साधारण 150 मिलिलिटर, म्हणजे कपभर. शरीर रोज अर्धा लिटर नवं करतं, त्यामुळे तपासणीला काढलेलं दोन-तीन चमचे पाणी तासाभरात भरून निघतं. निरोगी माणसाचं पाणी नितळ असतं, पांढऱ्या पेशी अगदी मोजक्या. जंतू शिरले की त्या शेकड्यांनी, हजारांनी वाढतात, पाणी गढूळ होतं, त्यातली साखर उतरते. विषाणू, साधे जंतू की टीबी, हे त्यावरून बरंचसं कळतं. टीबी असेल तर औषधं कित्येक महिने चालतात, म्हणून हे कळणं फार मोलाचं.

आणि सुईचं म्हणाल, तर मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. सुई त्याच्या खाली टोचतात. तिथे नसांचे धागे पाण्यात तरंगत असतात, ते बाजूला सरकतात. मेंदूवर दाब वाढल्याची शंका असेल तर डॉक्टर आधी ते तपासतात. नंतर काहींचं डोकं दोन-चार दिवस दुखतं. लुळेपणा येतो तो बहुतेकदा आजाराने, उपचाराला उशीर झाल्याने.

ताप, जोरात डोकेदुखी, उलट्या, मान ताठ, गुंगी, झटके असं दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. तान्ह्या बाळाची मान ताठ होईलच असं नाही. त्याची टाळू फुगते, ते दूध ओढत नाही, सारखं किरकिरतं, नाहीतर हलवूनही नीट जागं होत नाही.