आदत खोंडाची पारख : शर्यतबंदीच्या वर्षांचा मागोवा

7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यती थांबल्या. 2017 साली राज्याने कायदा केला, तोही उच्च न्यायालयात अडला. 16 डिसेंबर 2021 रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने कायद्यावर शिक्कामोर्तब केले. या काळाचा हिशेब बहुधा सुन्या पडलेल्या यात्रा आणि मंदावलेला खिल्लार बाजार यांतच मांडला जातो. त्याहून मोठे नुकसान पारखीचे झाले. खोंडाला पक्के दात अडीच वर्षांच्या आसपास येऊ लागतात आणि पाचेक वर्षांत तो जुळतो. म्हणजे 2014 साली आदत, म्हणजे पक्के दात न आलेला, बैल शर्यती सुरू झाल्या तेव्हा उताराला लागला होता. आख्खी पिढी शर्यतीच्या घाटात न उतरताच गेली. तिच्या वासरांकडून काय अपेक्षा धरायची, हे सांगायला आधारच उरला नाही. ती पोकळी मोबाइलवरच्या एका बारीच्या, म्हणजे एका धावेच्या, चित्रफितीने भरली आणि तेवढ्यावर लाखांचे सौदे ठरू लागले.

घड्याळातले सेकंद खोटे कसे असतील, असे गाडामालक विचारतात. सेकंद खरेच असतात, पण ते एकट्या खोंडाचे नसतात. घाटागणिक लांबी, चढ आणि माती बदलते. पारनेर-जुन्नरकडच्या गाड्यात चार बैल जुंपलेले असतात आणि पुढे घोडी पळते. मुरलेल्या बैलासोबत नवखाही निघून जातो. याउलट मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर चार वर्षांचे घोडे 2400 मीटरच्या डर्बीत उतरतात, तेव्हा प्रत्येकाच्या मागच्या धावा, अंतर, पाठीवरचे वजन आणि वेळ छापून समोर असते. तिथेही अंदाज चुकतात. मात्र कुठे चुकले ते तपासता येते. जाणत्याची नजर पुरेशी आहे, हा दुसरा आक्षेप. नजरेला छाती, खूर, पायांची ठेवण कळते. दम मात्र पुन्हा पुन्हा पळताना पाहूनच कळतो. बंदीच्या वर्षांत नेमके तेच पाहायला मिळाले नाही.

पारनेरच्याच जिल्ह्यातले हिवरे बाजार हे गाव शर्यतींसाठी नव्हे, मोजमापासाठी ओळखले जाते. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली 1989-90 नंतर गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली आणि पुढे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. एका चांगल्या पावसावर भाळून उसाच्या मागे जाणे गावाने टाळले. खोंडाच्या बाबतीतही हीच शिस्त हवी. नोंदी ठेवणे खर्चिक आहे म्हणावे, तर गुरांच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो आणि शर्यतीसाठी पशुवैद्याचा दाखलाही लागतोच. त्या क्रमांकापुढे घाटाची लांबी, सोबतचे बैल आणि वेळ एवढेच लिहायचे आहे. यात्रा समित्यांनी येत्या हंगामापासून ही वही ठेवावी. आणि निदान तीन वेगवेगळ्या घाटांतल्या बाऱ्यांची नोंद पाहिल्याशिवाय खरेदीदाराने इसार देऊ नये.