चुना, कल्हई आणि नवी बॅटरी

पानाला चुना लावणाऱ्या आजीला कोणी सांगितले असते की, या चुन्यातल्या धातूची एक दिवस बॅटरी करू पाहतील, तर तिने हसून डबा मिटला असता. पण कॅल्शियमच्या बॅटरीचे प्रयत्न खरोखरच चालू आहेत.

यिशुनच्या उंच इमारतींत राहणाऱ्या आम्हां लोकांना हा विषय परका नाही. घरात चार्ज होणाऱ्या विजेच्या स्कूटरची लिथियम बॅटरी पेटल्याच्या घटना सिंगापुरात घडल्या आहेत. १ जुलै २०२० पासून अशा स्कूटरना यूएल २२७२ हे अग्निसुरक्षेचे मानक सक्तीचे झाले.

पृथ्वीच्या कवचात कॅल्शियम विपुलतेत पाचवे. लिथियम त्यामानाने फारच थोडे. शिवाय कॅल्शियमचा अणू दोन इलेक्ट्रॉन देतो, लिथियमचा एकच. मग घोडे कुठे अडते? पृष्ठभागावरच्या थरात!

पितळेच्या भांड्याला आपण कल्हई करून घेतो. बॅटरीत मात्र धातू द्रावणाला भिडताच थर आपोआप चढतो. लिथियमवरचा थर चाळणीसारखा असतो: द्रावणाला अडवतो, पण लिथियमच्या आयनांना वाट देतो. कॅल्शियमच्या आयनावर विद्युत्भार दुप्पट. तो थरातल्या कणांना घट्ट धरून बसतो आणि वाटच बंद होते. बॅटरी चार्ज करायची, तर कॅल्शियम पुन्हा धातूवर जमायला हवे. नेहमीच्या द्रावणांत ते जमत नाही, हे इस्रायलच्या डोरोन ऑर्बाख यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली दाखवले. पुढे कित्येक वर्षे हा मार्ग बंदच मानला जाई.

२०१६ साली बार्सिलोनाच्या संशोधकांचा निबंध प्रसिद्ध झाला. बोरॉनयुक्त क्षार वापरून ७५ ते १०० अंश सेल्सियसला त्यांनी कॅल्शियम पुन्हा जमवून दाखवले. बोरॉनची संयुगे असलेला थर आयनांना वाट देतो, असे पुढे आढळले. २०१८ साली ऑक्सफर्डमध्ये दुसऱ्या द्रावणात हेच काम साध्या खोलीच्या तापमानाला साधले.

म्हणजे थर नको असे नाही, योग्य थर हवा. पण प्रयोगशाळेतले यश म्हणजे दुकानातली बॅटरी नव्हे. शिवाय कॅल्शियमही चपळ धातू आहे. त्याची बॅटरी पेटणारच नाही, अशी हमी कोणी देऊ नये.

तोवर, वाचकहो, स्कूटर रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका आणि दाराची वाट मोकळी ठेवा. एवढी काळजी आज आपल्याच हाती आहे.