भरतीची वेळ आणि पहिल्या वर्षाचं फिजिक्स

आमच्या बचत गटातल्या एका ताईंची मुलगी बारावी सायन्स करून बी.एस्सी.ला गेली. पहिल्याच चाचणीत फिजिक्समध्ये वीसपैकी चार मार्क पडले. "रोज एसटीचं भाडं घालून हेच का?" म्हणत घरात तिचं नाव काढायचं बोलणं सुरू झालं. तेव्हा आम्ही तिलाच जवळ बसवून विचारलं, बाय, अडतंय कुठं?

ती म्हणाली, "मावशी, बारावीला सूत्र पाठ केलं की भागायचं. इथं आधी विचारतात, कुठला जोर कुठल्या दिशेनं लागतोय आणि का? आणि सगळं इंग्रजीत."

म्हणजे अडचण डोक्याची नव्हती, सवयीची होती. पहिल्या वर्षी न्यूटनचे नियम, गुरुत्वाकर्षण, झोके-हेलकावे असं शिकवतात. हे आपल्या हाताखालचंच आहे. विहिरीच्या कप्पीवर दोर खाली ओढला की कळशी वर येते. कप्पी जोराची दिशा बदलते, कळशीचं वजन काही कमी करत नाही.

भरतीचं बघा. आपल्या किनाऱ्यावर अवसेला-पुनवेला भरती बाराच्या सुमारास असते. पुढं दर तिथीला पाऊण तास वाढवायचा. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायची ओहोटीही याच हिशेबानं काढतात.

पण पाऊण तासच का? चंद्राच्या ओढीनं समुद्राला भरती येते. पृथ्वी २४ तासांत स्वतःभोवती फिरते, तोवर चंद्र थोडा पुढं सरकलेला असतो. त्याच्यासमोर परत यायला पृथ्वीला आणखी सुमारे ५० मिनिटं लागतात. हाच आपला पाऊण तास! वेळ आपल्या वाडवडिलांना ठाऊक होती. त्यामागची ओढ न्यूटननं १६८७ साली आपल्या ग्रंथात मांडली. 'किती' पासून 'का' पर्यंत जायचं, हाच पहिल्या वर्षाचा अभ्यास. त्याला वेळ लागतो.

मग आम्ही ठरवलं. संध्याकाळी दोन तास तिला घरकाम सांगायचं नाही. तिनं धडा आधी आम्हाला मराठीत समजवायचा, मग इंग्रजीत लिहायचा. गणिताचं उत्तर बघण्याआधी चित्र काढून बाण दाखवायचे. वर्गातल्या दोघी-तिघींनी मिळून गणितं सोडवायची. पुढच्या चाचणीत अकरा मार्क आले. फार नाहीत, पण नाव काढायचं बोलणं थांबलं.

शिकून पुढं काय, असं कोणी विचारलं तर अलिबागची वेधशाळा दाखवा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यानं चुंबकाच्या नोंदी बिघडतील, म्हणून ते काम इथं आणलं. १९०४ पासून तिथं पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होते. ते काम फिजिक्स शिकलेल्यांचंच.

तेव्हा मैत्रिणींनो, पहिल्या चाचणीवरून मुलीला घरी बसवू नका. आज रात्री तिला एवढंच विचारा, "बाय, आज काय शिकलीस? मला सांग बघू."