सार्वजनिक आरोग्यातील डॉक्टरेट : अर्जाची तयारी कशी करावी?

बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्तीत मेडिकल, इंजिनिअरिंग आणि बँकेच्या परीक्षा यांचीच चर्चा होते. सार्वजनिक आरोग्य या विषयात पीएच.डी. करता येते, त्यासाठी एम.बी.बी.एस. असणे सक्तीचे नाही, आणि परदेशातील अनेक विद्यापीठे त्या काळात शिष्यवेतनही देतात, ही माहिती फार थोड्या घरांत पोहोचली आहे. आम्ही व्यवसायाने बँकेतील कारकून. परंतु विद्यार्थ्यांचे अर्ज भरताना जी माहिती जमा झाली, ती येथे क्रमाने देत आहोत.

विषय कोणता?

डॉक्टर एका रोग्याला तपासतो, तर सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक अख्ख्या गावाला तपासतो. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८४ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून या विषयाची मास्टर्स पदवी घेतली व परत येऊन गडचिरोलीत काम सुरू केले. खेड्यातील स्त्रियांना शिकवून घरातच नवजात बाळांची काळजी घेतली, तर मृत्यू कमी होतात का, हा त्यांचा प्रश्न होता. काही गावांत हा उपाय केला, काही गावे तुलनेसाठी ठेवली आणि जन्म-मृत्यू मोजले. उपाय केलेल्या गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. हे संशोधन १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रश्न, मोजणी आणि तुलना हाच या विद्येचा गाभा होय. म्हणून संख्याशास्त्र, समाजकार्य, नर्सिंग, अर्थशास्त्र या शाखांचे विद्यार्थीही येथे चालतात.

दोन पदव्या

अमेरिकेत पीएच.डी. ही संशोधनाची पदवी असून तिला साधारण चार ते सहा वर्षे लागतात. दुसरी डी.आर.पी.एच. ही आरोग्यसेवेत नेतृत्व करू इच्छिणाऱ्या अनुभवी व्यक्तींसाठी आहे. पहिलीत बहुधा फी माफ होऊन शिष्यवेतन मिळते. दुसरीचा खर्च पुष्कळदा स्वतःच करावा लागतो. हा फरक अर्जापूर्वीच समजून घ्यावा.

अर्जात काय पाहतात?

विद्यार्थी मित्रांनो, निवड एकेका विभागाची समिती करते. प्रत्येक विद्यार्थ्यामागे काही वर्षांचा खर्च असल्याने जागा मोजक्याच असतात. 'मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे' एवढ्याने भागत नाही. 'सफाई कामगारांचे क्षयरोगाचे औषध मध्येच का सुटते?' असा मोजता येणारा प्रश्न हवा, आणि त्याच धर्तीचे संशोधन करणारे प्राध्यापक त्या विभागात असावेत. त्यांचे लेख वाचून मगच विद्यापीठ निवडावे.

शिफारसपत्रे बहुधा तीन लागतात. 'विद्यार्थी मनमिळाऊ आहे' असे पत्र उपयोगाचे नाही. आपल्या मुलांना मोठ्या साहेबाची सही हवीशी वाटते. परंतु ज्यांनी तुमचे काम प्रत्यक्ष पाहिले त्या शिक्षकांचे पत्र अधिक वजनदार ठरते. त्यांना दोन महिने आधी भेटावे व आपल्या कामाची एक पानी टिपणे द्यावीत.

अनेक आरोग्य विद्यापीठांचे अर्ज 'सोफास' या एकाच केंद्रीय सेवेतून जातात. मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या सुमारास संपते. भारतीय गुणपत्रिकांचे मूल्यांकन करून घ्यावे लागते व त्यासाठी विद्यापीठाकडून अधिकृत गुणपत्रिका जाव्या लागतात. त्याला वेळ लागतो, म्हणून जून-जुलैतच सुरुवात करावी. जी.आर.ई. परीक्षा आता पुष्कळ ठिकाणी लागत नाही. इंग्रजीची टोफेल किंवा आयईएलटीएस मात्र बहुधा लागते. अर्जाच्या फीमध्ये सवलत मिळते का, हे विभागाला पत्र लिहून विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

पैशाचा प्रश्न

प्रवेशपत्र हाती आले की कर्जमंजुरीचे पत्र वाचतात तसे ते वाचावे : फी कोण भरणार, शिष्यवेतन किती, किती वर्षे आणि आरोग्यविमा आहे की नाही. २०२५ साली अमेरिकी सरकारने संशोधनाचे अनुदान कापल्याने अनेक विद्यापीठांनी पीएच.डी.च्या जागा कमी केल्या. त्यामुळे एकाच देशावर विसंबू नये.

केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती ३५ वर्षांखालील, पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के गुण व ८ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांसाठी आहे. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. अटी दरवर्षीच्या जाहिरातीत पडताळून घ्याव्यात. बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींच्या आदेशात १९९० साली झाला. त्यानुसार जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र व उत्पन्नाचा दाखला आधीच तयार ठेवावा. कागदासाठी संधी जाऊ नये.

ज्यांना घर सोडणे शक्य नाही त्यांच्यासाठी देशातही मार्ग आहेत. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था व देवनारची लोकसंख्याविज्ञान संस्था, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील सामाजिक वैद्यक केंद्र, तिरुअनंतपुरमचे अच्युत मेनन केंद्र ही नावे लक्षात ठेवावीत. नेट परीक्षेत जे.आर.एफ. मिळाल्यास संशोधनाच्या काळात शिष्यवेतन मिळते.

पालकांना एवढेच सांगणे की, पहिल्या वर्षी नकार आला म्हणून मुलाला किंवा मुलीला घाईने दुसरीकडे वळवू नये. वर्षभर एखाद्या संशोधन प्रकल्पात काम करून पुन्हा अर्ज करता येतो. आणि संस्थेतील निवृत्त प्राध्यापक व अधिकारी मंडळींना विनंती की, या मुलांचे इंग्रजी निवेदन वाचून दुरुस्त करण्यासाठी महिन्यातील एक रविवार द्यावा. घरात विचारायला कोणी नसते, तेव्हा असा एक रविवार मोलाचा ठरतो.