नर्सबाईचं काम सुईपुरतं नाही

शेतकरी बंधूंनो, नर्सबाई गावात आली की आपण म्हणतो, 'सुई टोचायला आली.' पण उपकेंद्रावर वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या नर्सबाईच्या लेखी सुई हा कामातला सोपा भाग. खरं काम नजरेचं.

सपाटीला पाच हजार आणि डोंगराळ, आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, असा निकष आहे. एवढ्या वस्तीतल्या गरोदर बाया आणि लहान मुलं तिच्या वहीत असतात. नवखी नर्स आलेल्यांना मोजते, मुरलेली नर्स न आलेल्यांना शोधते. पल्स पोलिओच्या वेळी भिंतींवर खडूच्या खुणा होत, आठवतात? मूल राहून गेलेल्या घरावर फुली, आणि त्या घरी पुन्हा फेरी. अशा फेऱ्या झाल्या म्हणूनच जानेवारी २०११ नंतर देशात पोलिओच्या मूळ विषाणूचा रुग्ण सापडला नाही.

तुम्ही पानाचा रंग बघून पिकाचं दुखणं ओळखता, तसंच हे. गरोदर बाईच्या हातात बांगड्या रुतू लागल्या, तोंडावर सूज आली, डोकं दुखतंय म्हणाली, की जाणती नर्स आधी रक्तदाब मोजते. तो १४०/९० किंवा त्यावर गेला, तर धोका. रक्त ७ ग्रॅमच्या खाली असेल तर गोळ्यांवर भागत नाही, दवाखाना गाठावाच लागतो. अशा वेळी 'सुगी उरकली की जाऊ' म्हणू नका. सुगी दरसाल येते, गेलेली बाई परत येत नाही.

लस दिल्यावर ती अर्धा तास बसायला सांगते. रिकामटेकडेपणा नव्हे तो. क्वचित एखाद्या बाळाला त्रास होतो, तो तिच्या डोळ्यांसमोर व्हावा म्हणून. पुढे ताप येईल, काय करायचं, पुढचा डोस कधी, हेही ती सांगते. हे न सांगता ती निघून गेली, तर तापाला घाबरलेली आई पुढच्या डोसाला येत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची तिला जास्त काळजी. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस फडावर चुकतात. बिऱ्हाड बांधताना भांड्याकुंड्यांबरोबर माता-बाल संरक्षण कार्डही घ्या आणि कारखान्याजवळच्या दवाखान्यात दाखवा.

सरपंच आणि पंचायतीच्या अधिकाऱ्यांनो, तुमच्याकडेही काम आहे. उपकेंद्राला पाणी आहे का, रात्री दिवा लागतो का, पावसाळ्यात १०८ ची गाडी शेवटच्या वस्तीपर्यंत पोचते का, हे एकदा स्वतः जाऊन बघा. गावातून कोण बाहेर गेलं, कोण नवीन राहायला आलं, हे तुम्हाला आधी कळतं. ते नर्सबाईंच्या कानावर घाला. तिची वही पुरी झाली, तर गावातलं एखादं घर वाचेल.