ओढण्याचें बळ आणि वाहण्याचें बळ

शाळेंत छत्तीस वर्षें संस्कृत आणि गणित शिकवून निवृत्त झालेल्या माणसानें मोटारगाडीविषयीं लिहावें, हें आमच्या कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटेल. आम्हीं स्वतः सायकलीपलीकडे कोणतेंहि वाहन कधीं चालविलेलें नाहीं. परंतु जें सांगावयाचें आहे तें यंत्रशास्त्राचें नसून बेरीज-वजाबाकीचें आहे; आणि तेवढा अधिकार आम्हांकडे आहे, असें आम्ही नम्रपणें समजतों. शिवाय आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं मुलेंबाळें आज परदेशीं आहेत. त्यांतील कोणी अशीच गाडी घेण्याच्या विचारांत असल्यास हे चार शब्द त्याच्या उपयोगीं पडतील.

आमची कन्या व जावई मेलबर्न शहरीं राहतात. इ. स. २०२३ च्या जुलै महिन्यांत, म्हणजे तिकडील ऐन हिंवाळ्यांत, आम्ही उभयतां त्यांच्याकडे गेलों, तेव्हां दारांत नवी कोरी टोयोटा 'लँड क्रूझर ३००' उभी होती. इंजिनाची शक्ति चारहि चाकांना पोहोंचत असल्यामुळें वाळूंत व चिखलांतहि चालणाऱ्या अशा गाड्यांस फोर-व्हील ड्राइव्ह म्हणतात. सप्टेंबरांत नातीच्या शाळेस सुट्टी लागली कीं या गाडीमागें कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरील लहानसें घर, जोडावयाची, आणि मेलबर्नहून पर्थपर्यंत सुमारें ३४०० किलोमीटरांचा प्रवास पांचहि जणांनीं करावयाचा, असा बेत ठरला होता.

पहिल्याच सायंकाळीं जावईबापूंनीं माहितीपत्रक आमच्या पुढें ठेविलें. "बाबा, ही गाडी साडेतीन हजार किलो ओढते. आपण पसंत केलेली कॅरॅव्हॅन सामानसुमानासकट २७०० किलोंची. काळजीचें कारणच नाहीं," असें ते म्हणाले. कॅरॅव्हॅन अद्यापि विकत घेतली नव्हती. मात्र गाडीवर चढवावयाच्या उपकरणांची यादी सिद्ध होती आणि कांहींचा विसारहि देऊन झाला होता. कांगारूची धडक बसल्यास गाडीचें तोंड वांचविणारा पोलादी बुल-बार. रुतलेली गाडी ओढून काढणारी विंच. फ्रीज आणि त्यासाठीं दुसरी बॅटरी. मागील बाजूस सामानाचे सरकते खण. टपावर कॅरिअर व त्यास जोडलेली कापडी छपरी. डिझेलची जादा टाकी. शिवाय आणखी एक जादा चाक. यांतील प्रत्येक वस्तूचें स्वतंत्रपणें समर्थन करितां येत होतें, आणि खरी अडचण तीच होती.

आम्हांस रात्रीं झोंप लवकर येत नाहीं. म्हणून गाडीची पुस्तिका वाचावयास घेतली. तींत तीन आंकडे आढळले. पहिला ३२८० किलो. गाडी, तींतील माणसें, सामान आणि इंधन मिळून वजन याहून अधिक होतां कामा नये, यास जी.व्ही.एम. म्हणतात. दुसरा ३५०० किलो, ओढण्याचा. तिसरा ६७५० किलो, गाडी आणि मागील कॅरॅव्हॅन यांच्या एकत्रित वजनाचा, यास जी.सी.एम. म्हणतात. आतां पहिल्या दोन आंकड्यांची बेरीज कोणीहि करून पाहावी. ती ६७८० येते, म्हणजे तिसऱ्या मर्यादेहून ३० अधिक. याचा अर्थ असा कीं, गाडी कांठोकांठ भरली असतां ती पुरते साडेतीन हजार ओढूं शकत नाहीं. माहितीपत्रकावरील मोठ्या अक्षरांचा आंकडा खोटा नव्हे. पण तो एकट्यानें वाचावयाचा नव्हे.

याहूनहि महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. कॅरॅव्हॅनचा पुढील दांडा गाडीच्या शेपटास असलेल्या लोखंडी गोळ्यावर टेकतो, आणि कॅरॅव्हॅनच्या वजनाचा सुमारें दहावा हिस्सा त्या गोळ्यावर येतो. २७०० किलोंची कॅरॅव्हॅन असेल तर २७० किलो. हें वजन कॅरॅव्हॅनचें खरें. परंतु तें पडतें गाडीच्या खात्यांत! माणसें आणि सामान यांच्यासाठीं जी जागा मोजलेली, तींतूनच तें वजा होतें. शिवाय हा भार मागील चाकांच्याहि मागें टेकत असल्यामुळें तरफेच्या न्यायानें मागील चाकांवर स्वतःहून अधिक दाब घालतो आणि गाडीचें तोंड वर उचलूं पाहतो. तोंड हलकें झालें कीं पुढील चाकांची जमिनीवरील पकड कमी होते. आणि गाडी वळते ती पुढील चाकांनींच.

दुसऱ्या दिवशीं आमच्या आग्रहावरून गाडी सार्वजनिक वजनकाट्यावर नेली. डिझेलची टाकी भरलेली, आंत कोणी नाहीं: वजन २५८० किलो. म्हणजे शिल्लक ७०० किलो. घरीं येऊन आम्हीं नातीची पाटी मागून घेतली आणि खर्चाच्या बाजूस एकेक रकम मांडली. जोडणीचा दांडा ३५, बुल-बार ७०, विंच ३५, दुसरी बॅटरी ३०, भरलेला फ्रीज ४५, खण ६५, कॅरिअर व छपरी ४५, जादा टाकी तींतील डिझेलसह ७०, जादा चाक ४०, हत्यारें व दोर ४०, एकूण ४७५. त्यांत माणसें: जावई ८२, कन्या ६०, नात २४, आम्ही ६८, सौभाग्यवती ५६, एकूण २९०. आणि कॅरॅव्हॅनचा भार २७०. सर्व मिळून १०३५. जमा ७००, खर्च १०३५. तूट ३३५ किलोंची!

जावईबापू बराच वेळ पाटीकडे पाहात राहिले. बसविणाऱ्या कारखान्यांतील माणसानें त्यांस मागील स्प्रिंगा कडक करून घेण्याचा सल्ला दिला होता. स्प्रिंगा बदलल्यानें गाडीचें मागील अंग खालीं बसत नाहीं, हें खरें. पण केवळ तेवढ्यानें कायद्याची मर्यादा एक किलोनेंहि वाढत नाहीं. ती वाढवावयाची तर मान्यताप्राप्त व्यवस्थेनें गाडीचे भाग बदलून तसें प्रमाणपत्र घ्यावें लागतें. हें काम पहिल्या नोंदणीपूर्वीं करून घेतलें तर तें सर्व राज्यांत चालतें. नोंदणी झाल्यावर मात्र प्रत्येक राज्याचे नियम वेगळे पडतात. आमची गाडी नोंदलेली होती. आणि वाहण्याची मर्यादा वाढविली तरी एकत्रित वजनाची मर्यादा आपोआप वाढते, असेंहि नाहीं. मर्यादेबाहेर भरलेल्या गाडीस अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारूं शकते, ही गोष्ट वेगळीच. पैशाचें नुकसान सोसवेल. परंतु मागील आसनावर आठ वर्षांची मुलगी बसणार होती.

त्या रात्रीं आम्हीं सौभाग्यवतींशीं विचार केला. पाटीवर आम्हां उभयतांचे १२४ किलो स्पष्ट दिसत होते. आम्ही विमानानें पर्थास जावें आणि मुलांनीं मोटारीनें यावें, असें ठरवून सकाळीं तसें सांगितलें. कन्येचे डोळे भरून आले. जावईबापूंनीं मात्र पाटी पुसणें हातीं घेतलें आणि म्हणाले, "बाबा, विंच उतरवूं, टाकी उतरवूं. आईंना आणि तुम्हांला उतरवायचं नाहीं. हा प्रवास कुणासाठीं आहे?" संस्कृत शिकलेल्या माणसास एवढ्यावर उत्तर सुचूं नये, हें खरें, पण सुचलें नाहीं.

मग एकेका वस्तूस 'हिच्यावांचून अडतें काय?' असा प्रश्न विचारला. डांबरी हमरस्ता सोडावयाचा नव्हता. म्हणून विंच गेली. नलारबोरच्या ओसाड पठारावरहि दोन पेट्रोल-पंपांमधील अंतर दोनशें किलोमीटरांच्या आंत आहे, आणि मूळच्या ११० लिटरांच्या टाकींत, कॅरॅव्हॅन ओढीत असतांहि, त्याच्या दुपटीहून अधिक पल्ला निघतो; म्हणून जादा टाकी गेली. गाडीचें स्वतःचें एक जादा चाक होतेंच, दुसरें गेलें. कॅरॅव्हॅनला स्वतःची छपरी असते. टपावरील कॅरिअर गेलें. लोखंडी रुळांवरील खणांच्या ऐवजीं प्लॅस्टिकचे डबे आले, ५५ किलो वांचले. शिशाच्या बॅटरीऐवजीं लिथियमची घेतली, १५ वांचले. दोरखंड व हत्यारें निम्मीं केलीं, २० वांचले. बुल-बार मात्र ठेविला. सायंकाळीं कांगारू रस्त्यावर येतात, आणि तो धोका काल्पनिक नव्हे. एकंदर २८० किलो उतरले. उरलेली तूट ५५ किलोंची. ती मोठ्या कॅरॅव्हॅनचा हट्ट सोडून भरली. २००० किलोंची लहान घेतल्यानें गोळ्यावरील भार २०० झाला, आणि एकूण खर्च ६८५ वर आला. लहान घरांत पांच जणांची निजण्याची सोय होईना, म्हणून आम्ही उभयतांनीं मुक्कामाच्या ठिकाणीं भाड्याची खोली घ्यावी असें ठरलें. भाडें द्यावें लागलें. तें आम्हांस जड वाटलें नाहीं.

हिशेब जुळला म्हणजे काम संपलें असें नाहीं, हें आम्ही बेंडिगोच्या वाटेवर शिकलों. तो परीक्षेचा प्रवास होता. मागून आलेला एक प्रचंड ट्रक शेजारून पुढें गेला, त्याच्या वाऱ्यानें कॅरॅव्हॅनचें शेपूट हललें, आणि मग तें उजवीकडे-डावीकडे अधिकाधिक झोंके घेऊं लागलें. गाडीहि त्याबरोबर हलूं लागली. जावईबापूंनीं पायाचा ब्रेक दाबला नाहीं; वेग देणें हळूंच सोडलें, चाक सरळ धरलें, आणि केवळ कॅरॅव्हॅनचे ब्रेक लावणारें जें बटण गाडींत बसविलेलें असतें तें दाबलें. झोंके थांबले. रस्त्याच्या कडेस उतरून पाहतों तों कारण सांपडलें: तांदूळ, पीठ, डाळी आणि लोणच्याच्या बरण्या सौभाग्यवतींनीं कॅरॅव्हॅनच्या अगदीं मागील कपाटांत लावल्या होत्या, आणि मागें नातीची सायकल टांगलेली होती.

आमच्या बालपणीं गांवीं बैलगाडी होती. कडब्याच्या पेंढ्या मागें अधिक लादल्या कीं गाडी उलाळ होई आणि जूं बैलांच्या मानेवरून वर उचले. पुढें अधिक लादल्या कीं बैल भारानें वांकत. आमचा गडी आधीं चाकांच्या कण्यावर भरी, मग पुढें-मागें सारखें करी. कॅरॅव्हॅनचा नियम अक्षरशः तोच आहे. जड सामान कण्याजवळ आणि खालीं, हलकें दोन्ही टोकांस, आणि गोळ्यावर दहाव्या हिश्श्याचा भार. तांदूळ मध्यें आणिला, सायकल घरीं राहिली. त्यानंतर कॅरॅव्हॅननें एकदांहि झोंका घेतला नाहीं.

ज्या गोष्टी खरोखर घ्याव्यात त्या दिसावयास साध्या आहेत. ऑस्ट्रेलियांत ७५० किलोंहून जड कॅरॅव्हॅनला ब्रेक सक्तीचे आहेत. २००० किलोंहून जड असेल तर सर्व चाकांना ब्रेक, आणि जोडणी तुटल्यास आपोआप लागणारी योजनाहि लागते. तेव्हां गाडींत त्या ब्रेकांचें नियंत्रण आधीं बसवावें. कॅरॅव्हॅनच्या मागचें दिसेल असे लांब आरसे घ्यावेत. टायरांतील हवा भाराप्रमाणें, आणि चाकें थंड असतां तपासावी. पाणी लिटरास एक किलो भरतें. पुढें नळ मिळणार असेल तर टाकी कांठोकांठ भरूं नये.

निघण्याच्या आदल्या दिवशीं सर्वांसह पुनः वजनकाट्यावर गेलों. कॅरॅव्हॅन जोडलेली गाडी ३२६५, कॅरॅव्हॅनच्या चाकांवर १७८०, एकत्र ५०४५. तीनहि मर्यादांच्या आंत.

नलारबोर हें नांव लॅटिन भाषेंतील असून त्याचा अर्थ 'निर्वृक्ष' असा होतो. तेथें बॅलाडोनिया आणि कायगुना यांच्या मध्यें १४६.६ किलोमीटर रस्त्यास एकहि वळण नाहीं. त्या सरळ रस्त्यावर समोरून लांबच लांब ट्रक येत, वारा अंगावर आदळे, आणि मागील आसनावर नात आजीच्या खांद्यावर डोकें ठेवून निजलेली असे. गाडी हलत नव्हती. आमचें लक्ष मात्र आरशांतील कॅरॅव्हॅनकडेच होतें, हें कबूल केलें पाहिजे.

ज्यांस अशी गाडी घ्यावयाची आहे, त्यांनीं ती किती ओढते हें दुसऱ्यांदा विचारावें. किती वाहते हें आधीं विचारावें. घरांतील सर्व माणसांचीं वजनें कागदावर मांडावीं, त्यांत गोळ्यावरील भार मिळवावा, आणि मग जें शिल्लक राहील त्यांतच उपकरणें बसवावीं. नोंदणीपूर्वीं हें केल्यास उत्तम. विसार देण्यापूर्वीं तरी करावेंच. एक पाटी, एक पेन्सिल आणि वजनकाट्याचें अल्पसें शुल्क, एवढाच खर्च आहे.