रिंक, आखाडा, तालीम : सामुदायिक क्रीडास्थानाच्या संज्ञांविषयी

कॅनडासारख्या थंड देशांतील लहान गावांतही बर्फावर घसरत खेळण्याचे एक सार्वजनिक स्थान पुष्कळदा आढळते. त्यास 'आइस रिंक' म्हणतात. अनेक ठिकाणी ते कोणा एकाच्या मालकीचे नसते. गावकऱ्यांचे मंडळ ते चालविते. खेळणाऱ्यांकडून शुल्क घेतले जाते, परंतु शिल्लक कोणी वाटून घेत नाही. ती त्याच स्थानाच्या निगराणीस लागते. या वस्तूस मराठीत काय म्हणावे असे विचारले, तर 'हिमक्रीडांगण' हा शब्द चटकन सुचतो. शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण त्यात पटांगण दिसते, ते राखणारी माणसे दिसत नाहीत. हा भेद आपल्या भाषेने कसा नोंदविला आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

'रिंक' हा शब्द इंग्रजीत स्कॉटलंडच्या बोलीतून आला. तेथे त्याचा जुना अर्थ द्वंद्वासाठी आखलेली जागा असा होता. आजच्या कृत्रिम रिंकमध्ये काँक्रीटच्या थरात नळ्यांचे जाळे असते. गोठणबिंदूच्या खालीही द्रव राहणारे क्षारयुक्त पाणी त्यांतून फिरते. वर पाण्याचे पातळ थर एकामागून एक गोठवून तीनचार सेंटिमीटर जाडीचा बर्फ धरविला जातो. खेळणाऱ्यांच्या पात्यांनी तो सतत ओरखडला जातो. म्हणून वरचा थर तासून त्यावर ऊन पाणी पसरावे लागते. सिमल्याच्या, १९२० साली सुरू झालेल्या रिंकमध्ये तर अनेक दशके रात्रीच्या थंडीत पाणी सोडूनच बर्फ जमविला जाई. सारांश, ही क्रीडाभूमी एकदा बांधून संपत नाही. ती वारंवार नव्याने करावी लागते.

आपल्याकडे नेमका हाच गुण आखाड्यात आहे. 'आखाडा' हा शब्द संस्कृत 'अक्षवाट' यापासून प्राकृतामार्गे आला. त्यातील 'वाट' म्हणजे कुंपण घातलेली जागा. 'वाडा' आणि 'वाडी' हे शब्दही त्याच कुळातील. म्हणजे 'रिंक' व 'आखाडा' या दोहोंच्या मुळाशी झुंजीसाठी वा खेळासाठी मर्यादित केलेली भूमी हीच कल्पना आहे. कुस्तीचा हौद तांबड्या, चाळलेल्या मातीने भरतात. तीत ताक, तेल, हळद, लिंबू मिसळतात. सरावापूर्वी ही माती फावड्याने उकरून सारखी करावी लागते. चार दिवस हात लागला नाही तर ती घट्ट बसते व पडणाऱ्याचे अंग सोलून काढते. उकरण्याचे हे काम मजूर लावून नव्हे, तर खेळणारी मुलेच करतात आणि ते व्यायामातच मोडते.

'आखाडा' स्थानाचे नाव आहे. 'तालीम' हे मुळात क्रियेचे. अरबीत 'तालीम' म्हणजे शिकविणे. 'इल्म' हा शब्द त्याच धातूचा. हिंदी-उर्दूत हा व्यापक अर्थ टिकला, आणि १९३७ साली वर्ध्यात मांडल्या गेलेल्या 'नई तालीम' या शिक्षणयोजनेच्या नावातही तोच आहे. मराठीत मात्र अर्थसंकोच झाला : तालीम म्हणजे कुस्तीगीरांची व्यायामशाळा किंवा नाटकाचा सराव. वस्तादाच्या देखरेखीखाली पुनःपुन्हा करणे, हा दोहोंतील समान अंश होय. पुढे कोल्हापुरात याच शब्दाचा विस्तारही झाला. तेथे 'तालीम' म्हणजे पेठेचे मंडळ. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम यांचे संघ फुटबॉल खेळतात आणि त्या नावात कोणास विसंगती वाटत नाही. खेळ बदलला, भूमी बदलली, तरी राखणारा समुदाय तोच राहिला की नाव टिकते, असे यावरून म्हणता येईल.

याउलट, जुने नाव नव्या भूमीसही मिळू शकते. खाशाबा जाधव मातीत घडले. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळविले ते मॅटवर. त्या मॅटला मराठी कुस्तीगीर 'गादी' म्हणतात. हा शब्द कोणा परिभाषा-समितीने दिलेला नाही.

आता पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरील कारेगावचा विचार करू. शिरूर तालुक्यातील या गावालगत रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. अन्य जिल्ह्यांतून व प्रांतांतून आलेले कामगार येथे राहतात. पाळी संपल्यावर त्यांनी एकत्र कोठे जमावे, हा प्रश्न अशा प्रत्येक गावापुढे आहे. अशा ठिकाणी तरुणाच्या तोंडी 'जिम लावली' असा प्रयोग सहज येतो. 'लावणे' हे क्रियापद आपण खानावळ, शिकवणी, वर्तमानपत्र यांसंबंधी योजतो. म्हणजे दाम देऊन नियमित मिळणाऱ्या सेवेसंबंधी. 'तालीम लावली' असे सहसा कोणी म्हणत नाही. तालमीत 'जातात', तालीम 'करतात'. एकात बोलणारा गिऱ्हाईक आहे, दुसऱ्यात सहभागी. महाराष्ट्रात लागू असलेल्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली एखादे मंडळ नोंदविता येते, हिशेब तपासता येतो. परंतु सभासदाचे गिऱ्हाईक होणे त्या नोंदणीने थांबत नाही. ते प्रथम क्रियापदात दिसते.

म्हणून रिंकसाठी मराठी प्रतिशब्द हवा असेल, तर 'बर्फाची तालीम' हा 'हिमक्रीडांगणा'पेक्षा अधिक अर्थवाही ठरावा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी कारेगावसारख्या बहुभाषी गावांत जाऊन क्रीडास्थानांची नावे तर टिपावीतच. पण त्यांच्यासोबत येणारी क्रियापदे अधिक काळजीने टिपावीत. माती उकरणाऱ्या मुलाकडून मिळणारी ही सामग्री, तो मुलगा फावडे धरतो आहे तोवरच गोळा करता येईल.